जेंतीले आठवतो का कोणाला? ८२ चा, मॅराडोनाला चिकटलेला तो

रात्रपाळी

काल झोप येईना म्हणून ८२ च्या वर्ल्डकपची इटली-अर्जेंटिना मॅच लावली, हायलाइट्स नाही हां, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत अख्खी. आजवर इटलीचा डिफेंडर क्लाउडिओ जेंतीलेबद्दल जे काही ऐकलंय ते सगळं एकाच सुरात, कसाई, गुंड, मॅराडोनाला सोलून काढला वगैरे. आणि पहिली वीस मिनिटं मी पण तोंडात बोटं घालून बसलो होतो, कारण मॅराडोना लाइनीबाहेर पाणी प्यायला गेला असता तरी हा मागोमाग गेला असता. बॉल पार त्या टोकाला असला तरी हा याला खेटून उभा. म्हणजे मॅच एकीकडे आणि या दोघांचं वेगळंच काहीतरी दुसरीकडे चालू.

पण हाफ टाइमनंतर मला जरा वेगळं वाटायला लागलं. मी वाट बघत होतो त्या हाडं मोडणाऱ्या टॅकलची, दोन्ही पाय हवेत, स्टड वर, आणि ती काही येईचना. ओढणं, धरणं, पोटरीला मागून टोचणं, पाठीवर रेलणं हे पोतंभर, पण ज्याला आपण टॅकल म्हणतो तसलं फार कमी. शेवटी इटली २-१ ने जिंकली, तार्देल्ली आणि काब्रिनीचे गोल, अर्जेंटिनाचा एकच तो पण पासारेलाचा फ्री किकवरचा, आणि मॅराडोना पूर्ण मॅचमध्ये असून नसल्यासारखा.

तर प्रश्न असा की हा माणूस खरंच मोठा डिफेंडर होता का रेफरीच्या कृपेवर तरून गेला? आणि हार्ड टॅकलरच्या यादीत त्याचं नाव वर घेतात ते बरोबर आहे का? जुन्या मंडळींनी लिहा, आणि प्लीज "आमच्या वेळी खरे मर्द होते" एवढंच लिहून पळू नका.

---

जुना_स्टॉपर

आमच्या वेळी खरे मर्द होते.

(झालं, आता नीट लिहितो.)

आधी नावाची गंमत. इटालियनमध्ये जेंतीले म्हणजे सभ्य, सौम्य. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा म्हणतात ते याच्यासाठीच. जन्म लिबियातला, त्रिपोलीचा, १९५३, म्हणून त्याला गद्दाफी म्हणायचे. १९७३ ला युव्हेंटस या इटालियन क्लबला आला आणि १९८४ पर्यंत तिथेच, तेवढ्यात ६ वेळा लीग, ७७ चा यूएफा कप, ८४ चा कप विनर्स कप, इटलीकडून ७१ मॅच आणि वर्ल्डकप. नुसत्या दांडगाईवर एवढा संसार होत नाही रे. दांडगट माणूस दोन सीझन टिकतो, मग कोच कंटाळतो कारण दर दोन आठवड्यांनी तो सस्पेंड होऊन घरी बसलेला असतो.

आता तुझ्या प्रश्नाचं. तू टॅकलची वाट बघत बसलास तिथेच फसलास. टॅकल ही डिफेंडरची शेवटची वेळ असते, आधीचं सगळं चुकलं की मग टॅकल. जेंतीले मॅन मार्कर होता, म्हणजे एकाच माणसाला पूर्ण मॅच चिकटून राहणारा, त्याचं काम बॉल काढून घेणं नव्हतंच, समोरच्याला बॉल सुखाने मिळू न देणं हे होतं. त्याने स्वतः नंतर सांगितलंय की मॅराडोनाच्या मॅचचे व्हिडिओ बघत बसला होता आणि त्यातून एवढंच ठरवलं की हा बॉल घेऊन एकदा वळला की संपलं, तेव्हा याला वळूच द्यायचं नाही. बास. एवढाच प्लॅन.

मी स्वतः पंधराएक वर्षं स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, खेळलोय, फार मोठ्या लेव्हलला नाही पण रोज चिखल खाल्लाय, म्हणून सांगतो हे कसं असतं. फॉरवर्ड तुझ्याकडे पाठ करून उभा आहे, बॉल त्याच्याकडे येतोय. तू लांब उभा राहिलास तर तो बॉल घेणार, वळणार आणि तुझी फजिती करणार. फार खेटलास तर तो तुझ्याच अंगावर रेलून फिरून जाणार, दारावरून फिरावं तसा. मधे एक हातभर जागा असते तिथे उभं राहायचं, आणि एक हात त्याच्या कमरेवर हलका ठेवायचा, ढकलायला नाही, कळायला. कुठल्या बाजूला फिरणार ते पायाच्या आधी कमरेत कळतं. तो हात उचलला की आंधळा झालास. आता तू ती मॅच परत लाव आणि बघ, जेंतीलेचा हात सतत तिथेच आहे. लोकांना तो शर्ट ओढताना दिसतो, मला तो वाचताना दिसतो. अर्थात वाचून झालं की ओढायचा पण, ते काही मी नाकारत नाही.

आणि बॉल पायात यायच्या आधी अर्धा सेकंद धक्का द्यायचा, आल्यावर नाही. आधी दिला की फॉरवर्डचा पहिला टच लांब जातो आणि रेफरीला वाटतं दोघं बॉलसाठी भांडतायत. हे टायमिंग शिकवून येत नाही.

---

दहानंबरी

काका तुमचं सगळं मान्य, छान लिहिलंत, पण ही भाषा ऐकली की माझं डोकं फिरतं. "वाचतो" काय, "टायमिंग" काय. २१ वर्षांचा पोरगा होता मॅराडोना तेव्हा. त्या एका मॅचमध्ये त्याच्यावर २३ फाऊल झाले, २३!! वर्ल्डकपच्या एका मॅचमध्ये एका प्लेअरला एवढं कोणी तुडवलेलं नाही. आणि शेवटी कार्डं कोणाला, तर तक्रार केली म्हणून मॅराडोनालाच पिवळं, आणि लाल दाखवलं ते अर्जेंटिनाच्या गायेगोला. जेंतीले एक पिवळं घेऊन मजेत नव्वद मिनिटं पूर्ण. हा न्याय?

मग सहा दिवसांनी त्याच ग्राउंडवर, बार्सिलोनाच्या सारियावर, ब्राझील. झिकोचा शर्ट बघा. ओढला नाही, फाडला. तो बिचारा फाटका शर्ट हातात धरून रेफरीला दाखवतोय की साहेब हे बघा, पेनल्टी बॉक्समध्ये झालंय, आणि काहीही मिळालं नाही. शर्ट काय स्वतःहून फाटला का उन्हाने? आणि ब्राझीलला नुसती बरोबरी पुरत होती त्या दिवशी, ३-२ ने गेले. पाओलो रोसीची हॅटट्रिक सगळ्यांना आठवते, मला तो शर्ट आठवतो.

मग हा माणूस वरून म्हणतो फुटबॉल काही बॅलेरिनांसाठी नाही. बरं. मग आम्ही तिकीट काढून काय बघायला येतो, तुझी मिशी?

---

कोपऱ्यातला_झेंडा

मिशी 😂😂

पण एक सांगतो दहानंबरी भावा, २३ हा आकडा मॅराडोनाला झालेल्या फाऊल्सचा आहे, जेंतीलेने केलेल्यांचा नाही. लोक दोन्ही एकच धरून चालतात. इटलीचे दहा जण काय शेंगा खात उभे नव्हते.

आणि झिकोने त्याला एकदा जो गंडवलाय तो पण बघून घे, मन शांत होईल. ब्राझीलचा पहिला गोल. झिको पाठमोरा, जेंतीले चिकटलेला, झिको बॉल पायाने मागे ओढतो आणि स्वतः भलतीकडेच वळतो, जेंतीले तसाच पुढे निघून जातो, आणि मग झिकोचा तो पास सॉक्रेटिसला आणि सॉक्रेटिसने गोलकीपर झॉफच्या जवळच्या पोस्टमधून आत घातला. १२ वं मिनिट. आणि जेंतीलेला पिवळं कधी मिळालं? १३ व्या मिनिटाला. म्हणजे माणूस एकदा गंडला आणि लगेच ठरवलं की आता काहीही करून परत नाही. उरलेली ७७ मिनिटं पिवळ्या कार्डावर झिकोला मार्क केलं त्याने. हे कसं केलं यावर कोणी बोलतच नाही.

ते पिवळं त्याचं स्पर्धेतलं दुसरं असल्यामुळे सेमीफायनलला पोलंडविरुद्ध बाहेर बसावं लागलं हे पण खरं. म्हणजे शिक्षा अगदीच झाली नाही असं नाही.

---

शिट्टीवाला

मी बारा वर्षं हौशी मॅचेसना रेफरी होतो, शिव्या भरपूर खाल्ल्यात, तेव्हा शिट्टीच्या बाजूने थोडं.

लोकांना वाटतं तेव्हा नियमच नव्हते. होते. वारंवार नियम मोडणाऱ्याला ताकीद द्यायची हा नियम तेव्हाही होताच. अडचण वेगळी आहे. समजा एकाने एक जबरदस्त फाऊल केला, सगळं स्टेडियम उठून उभं राहतं, कार्ड आपोआप हातात येतं. पण दुसऱ्याने वीस छोटे केले, प्रत्येकाची लायकी फक्त फ्री किकची, तर विसाव्याला कार्ड काढताना तुमच्या मनात येतं की अरे हा फाऊल तर आधीच्या एकोणीसपेक्षा पण किरकोळ आहे, याला कसं काढू? तो बरोबर इथेच जगतो. रेफरी फाऊल मोजतो, बेरीज करत नाही. आणि एकदा पिवळं दाखवून झालं की पुढचं पिवळं म्हणजे माणूस बाहेर, वर्ल्डकपमध्ये, सगळ्या जगासमोर, इटलीला दहावर आणायचं, कशासाठी तर कोपराने ढोसलं म्हणून. हात खिशापर्यंत जातो आणि परत येतो. मी स्वतः आणलाय परत, खोटं कशाला बोलू, आणि त्या पोराने मग उरलेली मॅच माझ्याकडे बघून हसत काढली.

अजून एक, फाऊल कुठे होतोय ते बघा. गोलपासून चाळीस यार्डांवर. फ्री किक मिळाली तरी तिथून काय होणार, तेवढ्या वेळात डिफेन्स परत लागलेला असतो. म्हणजे फाऊल हा तोट्याचा सौदा नव्हताच, फायद्याचा होता. जेंतीलेला हिशोब कळत होता. रागाने खेळणारा माणूस बॉक्सच्या कडेला पण पाय घालतो, हा नाही घालायचा. झिकोचा शर्ट सोडून 😀

आणि तुलना करायचीच तर मागे जा. ६६ च्या वर्ल्डकपला कार्डं हा प्रकारच नव्हता, पोर्तुगालच्या मोराइसने पेलेला एकाच धावेत दोनदा उडवला आणि ग्राउंडवरच राहिला. बदली प्लेअरची सोय नव्हती म्हणून पेले लंगडत बाजूला उभा. मग केन ॲस्टन नावाच्या इंग्लिश रेफरीला गाडी चालवताना सिग्नल बघून पिवळ्या आणि लाल कार्डाची कल्पना सुचली, ७० च्या वर्ल्डकपपासून कार्डं आली. मागून टॅकल केली की थेट लाल, हे कडक व्हायला ९८ चा वर्ल्डकप उजाडला. जेंतीले बरोबर या दोन्हीच्या मधल्या काळातला. त्याचं नशीब म्हणा.

---

बेंचवरचा

शिट्टीवाला साहेब "रेफरी फाऊल मोजतो, बेरीज करत नाही" हे फ्रेम करून लावा कुठेतरी

---

कोपऱ्यातला_झेंडा

मूळ प्रश्नाकडे येतो. हार्ड टॅकलर पाहिजे असेल तर जेंतीले नाहीच, तिथे गोइकोएचेआ. अँडोनी गोइकोएचेआ, ॲथलेटिक बिल्बाओ. बिल्बाओचा कसाई. हे बिरूद जेंतीलेला लावणं म्हणजे एकाचं श्राद्ध दुसऱ्याच्या नावाने घालण्यासारखं आहे.

२४ सप्टेंबर १९८३, कॅम्प नोऊ, बार्सिलोना आरामात जिंकत होती, ४-० झाली शेवटी. मॅराडोना स्वतःच्या हाफमध्ये बॉल घेऊन निघालाय, मागून गोइकोएचेआ येतो आणि डावा घोटा मोडतो. मॅराडोना जानेवारीत परत खेळला, म्हणजे साडेतीन महिने गेले. आणि हे पहिलं नव्हतं, त्याआधी ८१ मध्ये याच माणसाने बार्सिलोनाच्याच बर्न्ड शुस्टरचा गुडघा घालवला होता, तो बिचारा पुढे वर्ल्डकपला पण नव्हता. कहर म्हणजे मॅराडोनाला ज्या बुटाने मारलं तो बूट याने घरी काचेच्या पेटीत ठेवलाय. ट्रॉफीसारखा.

मग ८४ ची स्पेनची कप फायनल, परत हेच दोन संघ, बिल्बाओ १-० ने जिंकली आणि शिट्टी वाजल्यावर जी मारामारी झाली, स्पेनचा राजा बघतोय वर बसून आणि खाली मॅराडोना उड्या मारून लाथा घालतोय. ती बार्सिलोनासाठी त्याची शेवटची मॅच, त्यानंतर इटलीतला नापोली क्लब. एका घोट्याने माणसाचं शहर बदललं.

इंग्लंडचं नाव घेतल्याशिवाय हा विषय संपतच नाही म्हणून ते पण घेतो. ७० ची एफए कप फायनल, चेल्सी-लीड्स, पहिली २-२, मग ओल्ड ट्रॅफर्डला रिप्ले. चेल्सीचा कॅप्टन रॉन हॅरिस, टोपणनाव चॉपर. लीड्सच्या एडी ग्रेने पहिल्या मॅचला चेल्सीची वाट लावली होती, रिप्लेमध्ये हॅरिसने सुरुवातीलाच त्याच्या गुडघ्यामागे अशी एक ठेवून दिली की ग्रे त्यानंतर नुसताच फिरत होता. चेल्सी २-१ ने जिंकली. त्या सगळ्या मॅचमध्ये रेफरीने नाव लिहून घेतलं ते फक्त एकाचं. २०२० मध्ये मायकेल ऑलिव्हर या आजच्या रेफरीला ती मॅच दाखवून विचारलं, तो म्हणाला मी असतो तर ११ लाल कार्डं दिली असती. ११! म्हणजे एक टीमच घरी.

लीड्समध्ये पण काही संत नव्हते, नॉर्मन हंटर होता, "पाय चावतो" असा बॅनरच लावायचे त्याच्या नावाने. आणि गंमत बघा, ७४ ला इंग्लंडच्या प्लेअर्सनी पहिल्यांदा स्वतः मतं देऊन वर्षातला बेस्ट प्लेअर निवडला तो कोण तर हा हंटर. ज्यांचे पाय चावले त्यांनीच मतं दिली.

---

दहानंबरी

वा वा, घोटा मोडला, काचेची पेटी, ११ लाल कार्डं, हाहाहा. माफ करा पण मला नाही हसू येत. याची किंमत कोणी दिली ते पण लिहा ना. मार्को व्हॅन बास्टेन, हॉलंडचा फॉरवर्ड. तीन वेळा युरोपचा बेस्ट प्लेअर, ८८ च्या युरो फायनलला तो अशक्य व्हॉली, आणि शेवटची मॅच कितव्या वर्षी? अठ्ठावीस. मे १९९३, मार्सेयविरुद्ध युरोपियन कप फायनल, म्युनिक. त्यानंतर ऑपरेशन, परत ऑपरेशन, दोन वर्षं वाट बघून ९५ मध्ये सांगितलं की संपलं. घोटाच उरला नव्हता. वर्षानुवर्षं मागून येऊन लाथा घालत होते लोक. ते "मर्द". आजचा पोरगा ३५ व्या वर्षी आरामात खेळतो, व्हॅन बास्टेन अठ्ठावीसला घरी.

मी जुन्या मॅचेस बघतो तेव्हा मला डिफेंडर नाही दिसत, न खेळलेल्या मॅचेस दिसतात.

---

जुना_स्टॉपर

दहानंबरी, हे मनापासून लिहिलंस आणि यातलं बरंचसं मला पटतं. व्हॅन बास्टेन गेला तेव्हा माझ्यासारख्या स्टॉपरला पण वाईट वाटलं होतं.

पण एक गोष्ट सांगतो, तुझ्या बाजूची का माझ्या बाजूची ते तूच ठरव. त्याचा घोटा पहिल्यांदा गेला तो अयॅक्स या डच क्लबमध्ये असताना, १९८६ च्या डिसेंबरमध्ये ग्रोनिंगेनविरुद्ध. आणि तो कोणी मोडला नाही. टॅकल व्हॅन बास्टेनने स्वतः केली होती, चिडून, ग्रोनिंगेनच्या डिफेंडरवर. समोरच्याला काही झालं नाही, याचा घोटा गेला आणि मग तो कधीच पूर्ण बरा झाला नाही, त्यावर पुढे लाथा बसत गेल्या त्या वेगळ्या. फॉरवर्डला टॅकल करता येत नाही रे. चिडला की तो पाय आधी टाकतो आणि अंग मागे राहतं. आम्ही अंग आधी नेतो.

म्हणूनच मी जेंतीले आणि गोइकोएचेआ एका ताटात वाढत नाही. गोइकोएचेआची ती टॅकल बघ, बॉल निघून गेलाय, माणूस मागून लांबून धावत येतोय, वेग कमी करत नाही. तिथे फुटबॉल नाहीच, तो निकाल लावायला आलाय. जेंतीले कधीच लांबून येत नाही, तो आधीपासून तिथेच असतो. जो आधीच चिकटलाय तो धावत येऊन हाड कसं मोडेल? मॅराडोनाला जेंतीलेने छळला, पिडला, रडकुंडीला आणला, पण तीन दिवसांनी तो ब्राझीलविरुद्ध पूर्ण फिट उभा होता. (त्या मॅचला बातिस्ताच्या पोटात लाथ घालून लाल कार्ड घेतलं ते मनावरच्या जखमेचं, पायावरच्या नाही.)

आणि अजून एकजण या चर्चेत राहूनच गेला. जेंतीलेच्या मागे कोण उभा होता? गाएतानो शिरेआ. स्वीपर, म्हणजे सगळ्यात मागे उभा राहून निसटलेलं सावरणारा, युव्हेंटसमध्ये पण आणि इटलीत पण. अख्ख्या करिअरमध्ये एकदाही लाल कार्ड नाही. एकदाही. एकाच क्लबचे, एकाच डिफेन्सचे दोघं, एक शर्ट फाडणारा आणि एक असा की समोरच्याचा बॉल काढून घेतला तरी त्याला राग येऊ नये. लोक म्हणतात शिरेआ सभ्य होता, होताच, पण त्याला सभ्य राहणं परवडायचं कारण पुढची घाण जेंतीले काढून ठेवायचा. इटलीचा कोच बेअरझॉटला दोघं पाहिजे होते. उद्या तू टीम काढलीस तर तुला पण दोघं लागतील.

---

शिट्टीवाला

काका शिरेआचं अगदी बरोबर. आणि त्याच टीमबद्दल अजून एक, त्या वर्ल्डकपची सुरुवात आठवा. पहिल्या तीनही मॅच बरोबरीत, पोलंड, पेरू, कॅमेरून, एकही जिंकली नाही, कॅमेरूनपेक्षा एक गोल जास्त केला म्हणून पुढे सरकले. इटलीतल्या पेपरांनी एवढं झोडपलं की टीमने पत्रकारांशी बोलणंच बंद केलं, फक्त कॅप्टन झॉफ काय ते दोन शब्द बोलायचा, आणि झॉफ तसाही मुखदुर्बळ. मग समोर अर्जेंटिना आणि ब्राझील, एक गतविजेता आणि एक सगळ्यांचा लाडका. अशा वेळी कोच तुला सांगतो की जा, त्या दहा नंबरला धर. तिथे सभ्यपणा सुचेल का हा पण प्रश्नच आहे.

दहानंबरीचं पण खोटं नाही पण. आज ती मॅच असती तर व्हीएआरमध्ये (व्हिडिओ बघून निर्णय देतात ते) जेंतीले पहिल्या अर्ध्या तासात बाहेर.

---

दहानंबरी

पहिल्या दहा मिनिटांत.

आणि काका ते व्हॅन बास्टेनचं मला माहीत नव्हतं. वाचून आलो आत्ता. खरं आहे. राग आला तुमचा थोडा 😄

तरी माझं मत तेच. ८६ ला मॅराडोनावर त्या वर्ल्डकपमध्ये ५३ फाऊल झाले आणि तरी तो कप घेऊन गेला, म्हणून सगळे म्हणतात बघा खरा प्लेअर असेल तर कशातूनही जातो. अरे तो गेला. बाकी किती जण गेले नसतील त्यांची नावं आपल्याला माहीतच नाहीत.

---

बेंचवरचा

ज्यांना जेंतीले नुसता आडदांड वाटतो त्यांच्यासाठी, पुढे हाच माणूस इटलीच्या अंडर २१ चा कोच होता, २००४ ला युरो जिंकली आणि त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकला ब्राँझ. जिलार्दिनो, दे रोसी त्याच्या हाताखाली. आडदांड माणसाला कोणी पोरं सांभाळायला देत नाही

---

कोपऱ्यातला_झेंडा

८२ च्या फायनलबद्दल पण बोला की कोणीतरी. सेमीफायनलला बाहेर होता तो फायनलला परत आला, माद्रिद, पश्चिम जर्मनी, ३-१. त्या मॅचला जेंतीलेकडे लिटबार्स्की होता. छोटा, चपळ, दोन्ही पायांनी ड्रिबल करणारा, चांगल्या चांगल्यांना गोल फिरवणारा. त्या मॅचमधलं लिटबार्स्कीचं काही आठवतंय का कोणाला? मला तरी नाही. आणि कोणी फाटक्या शर्टाची गोष्ट पण सांगत नाही. त्याच माणसाने तेच काम केलं, फक्त गोष्ट झाली नाही.

---

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार राव, एवढं येईल वाटलं नव्हतं.

काकांचं वाचून आज परत लावली मॅच, यावेळी वही घेऊन. ठरवलं होतं जेंतीलेचे फाऊल स्वतः मोजायचे, एक रेघ म्हणजे एक फाऊल. पहिल्या पंधरा मिनिटांतच गोंधळ उडाला. रेफरीने शिट्टी मारली ते मोजायचे का मला वाटले ते? हात कमरेवर आहे पण ओढत नाहीये, हे काय धरायचं? एकदा मॅराडोना पडला, मी रेघ मारली, मागे नेऊन बघितलं तर जेंतीलेने आधी बॉलला पाय लावलेला, रेघ खोडली. एकदा काहीच दिसलं नाही म्हणून सोडलं, मागे नेऊन बघितलं तर मॅराडोनाची चड्डी मुठीत धरलेली, बॉल यायच्या अर्धा सेकंद आधी सोडली. अर्धा सेकंद!! काका तुम्ही म्हणालात तेच. मग एका पानावर खाडाखोडच जास्त झाली आणि वही मिटून ठेवली.

एक मात्र दिसलं. प्रत्येक शिट्टीनंतर जेंतीले दोन्ही हात वर करतो, चेहरा असा की मी काय केलं, आणि तोंड रेफरीकडे असताना पण उलटा उलटा चालत परत मॅराडोनापाशीच जातो. मान न वळवता. बरोबर जागेवर.

उद्या फायनल लावतो, लिटबार्स्कीसाठी.

---

जुना_स्टॉपर

लाव. आणि बॉलकडे बघू नकोस, लिटबार्स्कीकडे पण नको. जेंतीलेच्या हाताकडे बघ.